पंडित भगवानलाल इंद्रजी

सौराष्ट्रात जुनागड नावाचे एक प्राचीन नगर आहे. तेथून गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड शिलाखंड दिसतो. सम्राट अशोक, महाक्षत्रप रुद्रदामा आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त या तिघांच्या काळचे लेख त्या एकाच शिलेवर कोरलेले आहेत. शतकानुशतके यात्रेकरू या शिलेजवळून जात. परंतु त्या जुन्या अक्षरांचा अर्थ सांगणारा तेथे कोणीही उरला नव्हता. याच जुनागडात ७ नोव्हेंबर १८३९ रोजी भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म झाला.

घरच्या परंपरेप्रमाणे भगवानलाल संस्कृत शिकले. इंग्रजी शिक्षणाचा लाभ मात्र त्यांना फारसा झाला नाही. बालपणापासून त्यांचे मन त्या शिलेभोवती घोटाळत असे. पुढे जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने सिद्ध केलेला ब्राह्मी अक्षरांचा तक्ता त्यांच्या हाती आला. प्रिन्सेप हे कलकत्त्याच्या टाकसाळीतील अधिकारी होते आणि १८३७ साली त्यांनी ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले होते. तो तक्ता घेऊन भगवानलालांनी एकेक अक्षर ताडून पाहण्यास प्रारंभ केला. ज्या वयात इतर मुले खेळण्यात रमतात, त्या वयात हा मुलगा दोन सहस्र वर्षांपूर्वीची लिपी आपली आपण शिकला.

ही वार्ता अलेक्झांडर फोर्ब्स या इतिहासप्रेमी इंग्रज अधिकाऱ्याच्या कानी गेली. त्यांच्या शिफारशीवरून मुंबईचे विख्यात वैद्य आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी भगवानलालांना आपल्याकडे बोलावून घेतले. भाऊ दाजींसाठी त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांपासून नेपाळपर्यंत प्रवास केला. ठिकठिकाणचे शिलालेख उतरून घ्यावेत आणि वाटेत मिळतील ती जुनी नाणी जपून ठेवावीत, हा त्यांचा परिपाठ झाला. १८७४ साली भाऊ दाजी निवर्तले. आश्रयदाता गेला, परंतु भगवानलालजींनी हाती घेतलेले कार्य सोडले नाही. ते आपले लेख गुजरातीत लिहीत आणि डॉ. ब्यूलर यांच्यासारखे विद्वान स्नेही त्यांचे इंग्रजीत भाषांतर करीत.

भगवानलालजींच्या संग्रहातील एका प्रकारची नाणी अगदी इवलीशी होती. अंगठ्याच्या नखाएवढा आकार आणि वजन अवघे दोन ग्रॅमच्या आसपास. पश्चिम भारतावर दीर्घकाळ राज्य करणाऱ्या क्षत्रप राजांची ती चांदीची नाणी होत. त्यांच्या एका बाजूस राजाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस तीन कमानींचा डोंगर, खाली नदीची नागमोडी रेषा व वर चंद्रसूर्य. सभोवार बारीक ब्राह्मी अक्षरांत राजाचे आणि त्याच्या पित्याचे नाव. चांदीच्या लोभाने अशी कितीतरी नाणी सोनाराच्या मुशीत वितळून गेली असतील! एक नाणे वितळले की एका राजाचा साक्षीदारच नाहीसा होई.

ही नाणी वाचणे सोपे नव्हते. ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान असल्यामुळे काठावरची अक्षरे पुष्कळदा अर्धवटच उमटत. ब्राह्मीत इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावर असते. ती खूण काठाबाहेर गेली, म्हणजे ‘सिंह’ हे नाव ‘साह’ असे भासे. त्यामुळे कित्येक वर्षे विद्वानांनी या घराण्याला साह राजांचे घराणे असेच नाव दिले होते! काठावर राहून गेलेल्या एका लहानशा रेषेने संपूर्ण राजवंशाचे नाव पालटले होते. एकाच राजाची अनेक नाणी शेजारी ठेवली, की एकावर नसलेले अक्षर दुसऱ्यावर सापडते. म्हणूनच एखाद्या झिजलेल्या नाण्यालाही भगवानलालजींच्या संग्रहात मोल होते.

राजाच्या मस्तकामागे पुष्कळदा वर्षाचा आकडाही असे. या जुन्या अंकपद्धतीत शून्य नव्हते. शंभर, वीस, तीन अशा संख्यांना निरनिराळी चिन्हे होती. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील शिलालेखाचा अभ्यास करून भगवानलालजींनी अशा प्राचीन अंकांवर प्रकाश टाकला होता. नाण्यांवरील वर्षे शक संवताची आहेत. आकडा १०३ असेल, तर त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन १८१ येतो. अशा रीतीने पित्याची नावे आणि वर्षे जुळवीत गेल्यावर दोन शतकांहून अधिक काळाची राजावळी सिद्ध झाली. रुद्रसेन, संघदामा आणि दामसेन हे तिघे सख्खे भाऊ एकामागून एक गादीवर आले, हेही या नाण्यांनीच सांगितले.

१८८२ साली भगवानलालजींनी मुंबईच्या उत्तरेस सोपारे येथील स्तूपाचे उत्खनन केले. आतील दगडी पेटीत तांबे, चांदी, पाषाण, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक निघाले. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे लहान तुकडे होते. या ठेव्यातच यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे एक न झिजलेले चांदीचे नाणे सापडले. ठेवा त्या राजाच्या आधीचा असणे शक्य नाही, आणि नाणे न झिजलेले असल्यामुळे तो त्याच्यानंतर फार उशिराचाही नसावा, असे अनुमान त्या एवढ्याशा साक्षीदारामुळे करता आले.

त्यांच्या विद्वत्तेची कीर्ती परदेशांतही पसरली. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी अर्पण केली. परंतु त्यांना दीर्घायुष्य लाभले नाही. १६ मार्च १८८८ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचा प्रबंध तोपर्यंत छापून झाला नव्हता. रॅप्सन या विद्वानाने तो संपादित केला आणि १८९० साली लंडनमध्ये तो प्रसिद्ध झाला.

मृत्यूपूर्वीच भगवानलालजींनी आपल्या ठेव्याची व्यवस्था लावली होती. हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीस आणि नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला त्यांनी देऊन टाकली. जन्मभर जमविलेल्या या संपत्तीचा एकही रुपया त्यांनी केला नाही. आपल्यामागून येणाऱ्या अभ्यासकांना ती नाणी पुन्हा पाहता यावीत, आपल्या वाचनातील चूकही त्यांना शोधता यावी, यासाठी ती सुरक्षित राहिली. ज्या रुद्रदाम्याच्या लेखाने बालवयात त्यांना वेड लावले होते, त्याच्याच वंशजांचा हरवलेला इतिहास त्यांनी नखाएवढ्या नाण्यांतून वेचून काढला.