चौपाटीवरचा वाद

गिरगाव चौपाटीवर आपण मुलांना घेऊन जातो ते भेळ खायला, नाहीतर विसर्जन बघायला. पण १८५७ साली दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या वाळूत लोक जमायचे ते चक्क एक वाद ऐकायला. जगाला कुणी निर्माता आहे, हे बुद्धीला पटतं का? एका बाजूला ख्रिस्ती मिशनरी, दुसरीकडे तिशीतले विष्णुबावा ब्रह्मचारी.

मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले. जन्म १८२५ चा, माणगावजवळच्या शिरवलीचा. पाच वर्षांचे असताना वडील गेले. शिकणं जेमतेमच. आधी किराणा दुकानात, मग कस्टम खात्यात नोकरी. ती सोडून ऐन विशीत ते सप्तशृंगीच्या डोंगरावर तप करायला गेले. तिथे साक्षात्कार झाला, असं ते सांगत. १८५६ साली मुंबईत आले.

शिकायला पाठवलेला मुलगा ख्रिस्ती होऊन बसेल, ही धास्ती तेव्हा इथल्या घरांत होती. त्यामुळे १५ जानेवारीला सभा सुरू झाल्या आणि गर्दी लोटली. देवाने शून्यातून जग घडवलं, असं मिशनरी म्हणत. काहीच नव्हतं तर घडवलं कशातून, असा बावांचा सवाल. भाकरी थापायची तर पीठ नको का, तसंच हे! बावा पडले अद्वैती. जग आणि ब्रह्म वेगळं नाहीच, मग बाहेर बसलेला कर्ता शोधायचा कशाला? त्यावर मिशनरी विचारत, सगळं ब्रह्मच असेल तर पाप कुणाचं? मला तर हा प्रश्नही तितकाच बिनतोड वाटतो. शिवाय दुसऱ्यांच्या देवाला लावलेली चाळण बावांनी स्वतःच्या वेदांना काही लावली नाही.

तरी हा माणूस मला जवळचा वाटतो तो पुढच्या लिखाणामुळे. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ १८५९ चं. त्यात वेदांचाच आधार घेऊन ते स्त्रीशिक्षण आणि पुनर्विवाहाच्या बाजूने उभे राहिले. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती आणि घराघरातल्या बालविधवा होत्या तिथेच होत्या. १८६७ सालच्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त तर त्यांनी कमालच केली. जमीन सगळ्यांची, धान्याचं कोठार गावाचं, लग्न दोघांच्या पसंतीनं, मुलं वाढवायची जबाबदारी राज्याची! सगळ्यांत एकच ब्रह्म असेल तर तुझं-माझं कसलं, हा हिशेब. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या माणसाला मुलं वाढवण्याचं ओझं कळावं, याचं मला नवल वाटतं.

मे महिन्यात उत्तरेत उठाव पेटला. २८ मेनंतर चौपाटीवरच्या सभा थांबल्या. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापला. बावांच्या बाजूचं मराठी पुस्तक निघालं १८७२ साली. बावा त्याआधीच, १८ फेब्रुवारी १८७१ ला, मुंबईतच गेले होते.