मद्यपाशातील सोबती : बिल विल्सन

वाचकहो, दारूच्या पाशात सापडलेला एखादा तरी मनुष्य आपणा प्रत्येकाच्या परिचयाचा असतो. कधी तो आपल्याच घरात असतो, कधी उपासनेच्या वेळी मागच्या बाकावर बसलेला असतो. त्याला आपण उपदेश करतो, शपथा घालतो, त्याच्यासाठी प्रार्थनाही करतो. परंतु त्याने नेमके कोणाजवळ जाऊन बसावे, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यातून मिळाले, त्या बिल विल्सन यांची ही जीवनकथा आहे.

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट या खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडील विभक्त झाल्यामुळे ते आजोळी वाढले. स्वभाव संकोची. पहिल्या महायुद्धाच्या काळात, तरुण लष्करी अधिकारी असताना, त्यांनी पहिला प्याला घेतला आणि संकोच क्षणात नाहीसा झाला. हीच त्यांच्या नाशाची सुरुवात होती. १९१८ साली लोइस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्यांनी पैसा मिळवला. पण १९२९ साली बाजार कोसळला, आणि मद्याने उरलेसुरले नेले. पत्नी दुकानात नोकरी करून घर चालवू लागली. विल्सन यांची टाऊन्स रुग्णालयाची वारी वारंवार घडू लागली. तेथील डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना सांगितले, की हा केवळ दुर्गुण नसून शरीर व मन या दोहोंना ग्रासणारा आजार आहे.

नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हा जुना मित्र भेटीस आला. एके काळी सोबत पिणारा हा मित्र आता शुद्धीवर होता. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत त्याला आधार मिळाला होता. पुढच्याच महिन्यात रुग्णालयात, पूर्ण निराशेच्या घडीला, विल्सन यांनी देवाचा धावा केला. आपली खोली प्रकाशाने भरून गेल्याचा अनुभव त्यांना आला, आणि त्यानंतर त्यांनी मद्याला कधीही स्पर्श केला नाही.

परंतु वाचकहो, खरी शिकवण येथून पुढे आहे. कित्येक महिने ते मद्यपी लोकांना घरी आणून त्या प्रकाशाविषयी सांगत राहिले. पण एकही सुधारला नाही. तेव्हा डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यांना सल्ला दिला, की प्रवचन थांबवा आणि आधी आजाराविषयी बोला.

मे १९३५ मध्ये व्यवसायाच्या कामासाठी ते ओहायोतील अ‍ॅक्रन शहरी गेले. काम फसले. हॉटेलच्या दिवाणखान्यात ते एकटे उभे होते. एका बाजूस मद्यालयातील हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूस शहरातील मंडळ्यांची यादी व टेलिफोन. आपल्याला आता दुसऱ्या मद्यप्याशी बोललेच पाहिजे, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी वॉल्टर टंक्स या पाळकांना फोन केला. पाळकांनी काही नावे दिली, आणि त्यांतून अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी संपर्क झाला.

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, या बाईंच्या घरी डॉ. रॉबर्ट स्मिथ आले. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही, असे त्यांनी आधीच ठरवले होते. हे शल्यचिकित्सक सुमारे अडीच वर्षे ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांना जात होते, शास्त्र वाचत होते, प्रार्थना करीत होते. तरीही पीत होते. विल्सन यांनी उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी मात्र सांगितली. त्या वेदनेतून स्वतः गेलेला मनुष्य डॉ. स्मिथ यांच्याशी प्रथमच बोलत होता. पंधरा मिनिटांचे सहा तास झाले. पुढे १० जून रोजी डॉ. स्मिथ यांनी शेवटचा प्याला घेतला. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा स्थापनादिन मानला जातो.

आरंभीच्या सभा ऑक्सफर्ड ग्रुपच्या छायेत भरत. तेथील रीती अनेक मद्यपींना जड जात. १९३७ साली न्यूयॉर्कचे लोक वेगळे झाले. क्लीव्हलँडच्या रोमन कॅथोलिक बांधवांना त्या ग्रुपच्या सभांना जाणे अडचणीचे होते; म्हणून मे १९३९ मध्ये तेथेही स्वतंत्र सभा सुरू झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या, आणि देवाविषयी प्रत्येकाच्या आकलनास त्यांत मोकळीक ठेवली गेली. पुढे तर नियमच झाला, की दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट, शुल्क नाही.

विल्सन निर्दोष पुरुष नव्हते. अनेक वर्षे त्यांना नैराश्याने छळले. धूम्रपानाने फुफ्फुसे निकामी केली. २४ जानेवारी १९७१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मद्यमुक्तीची छत्तीस वर्षे पूर्ण झाली होती.

या सभा आज आपल्या देशातही भरतात. कित्येकदा चर्चच्या सभागृहातच. तेव्हा आपल्या माणसासाठी अशी सभा शोधा. जिथली भाषा त्याला कळते, जिथवर तो नियमाने पोहोचू शकतो आणि जिथे कोणाची तरी कहाणी त्याला आपलीच वाटते, ती सभा त्याच्यासाठी योग्य. पहिली मानवली नाही, तर दुसरीकडे न्या. खुल्या सभेला कुटुंबीयांनाही बसता येते. शिवाय लोइस यांनी १९५१ साली सुरू केलेली अल-अ‍ॅनॉन ही संस्था खास कुटुंबीयांसाठी आहे. फार पिणाऱ्याने मात्र एकाएकी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. अचानक सोडणे जिवावर बेतू शकते.

आणि पाळकहो, टंक्स यांनी कोणाला बरे केले नाही. फोन उचलला आणि नावे दिली. हेन्रिएटाबाईंनी घराचे दार उघडले. एवढे तर आपल्या मंडळीलाही करता येईल.