श्रीरामपूरचें घर आणि डॉ. विल्यम केरी

कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या तीरीं श्रीरामपूर हें एके काळीं लहानसें गांव होतें. तेथें डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. कंपनी सरकार आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस थारा देत नसे. म्हणून १८०० सालच्या जानेवारींत विल्यम केरी तेथें आले. मार्शमन व वॉर्ड या सहकाऱ्यांसह त्यांनीं नदीकांठीं एक मोठें घर विकत घेतलें.

केरी १७६१ सालीं इंग्लंडांतील एका खेड्यांत जन्मले. जोडे शिवण्याचा धंदा करीत असतांच ते ग्रीक व हिब्रू शिकले.

श्रीरामपूरच्या घरांत सर्व कुटुंबें एका पंक्तीस जेवीत आणि सर्वांची मिळकत एकाच पेटींत पडे. १८०१ पासून केरी फोर्ट विल्यम कॉलेजांत शिकवूं लागले. त्या पगारांतील बहुतेक रक्कमही ते पेटींतच टाकीत. तिच्यावर छापखाना चाले. पंडित वैजनाथ यांच्या साह्यानें रचलेलें मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडी खिळ्यांचा मराठी कोश (१८१०) हीं येथेंच छापलीं गेलीं.

ता. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागली. कागद, खिळे व अनेक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळालीं. अक्षरांचे पोलादी ठसे मात्र वांचले. केरींस रडूं आवरेना. परंतु ते पुन्हां लिहावयास बसले, नवे खिळे ओतले गेले आणि कांहीं आठवड्यांतच छपाई सुरू झाली.

ता. ९ जून १८३४ रोजीं केरी श्रीरामपुरींच प्रभूच्या घरीं गेले. विद्यार्थिमित्रहो, ज्या घरांत कोणी 'माझें' म्हणत नसे, त्या घराचें आपली मराठी भाषा आजही ऋणी आहे.