हिरव्याआडचा तांबडा

कमला सोहोनी म्हटले की मराठी वाचकाला सर सी. व्ही. रामन यांचे बंद दार आठवते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण १९३३ साली बी.एस्सी. होऊन बंगलोरला प्रवेश मागायला गेली. बाई म्हणून रामन यांनी नकार दिला, ती हटून बसली आणि वर्षभराच्या चाचणीच्या अटीवर आत शिरली. हकिकत खरीच. पण आपण दारापाशीच थांबतो. आत जाऊन बाईंनी काय केले, हे कोणी विचारत नाही.

पुढे केंब्रिजला त्या रॉबिन हिल यांच्याबरोबर बटाट्यावर काम करू लागल्या. वनस्पतीच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, हे त्यांनी दाखवले. हे लोहयुक्त तांबडे रंगद्रव्य श्वसनाच्या कामी येते. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. (आपल्याकडचे प्रबंध तागडीत घालून जोखतात!)

या तांबड्या रंगाचे महत्त्व मला सायखेड्याने शिकवले. तिथे बँकेत असताना द्राक्षबागांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. चुनखडीच्या रानात वेलीची कोवळी पाने पिवळी पडत, शिरा तेवढ्या हिरव्या राहत. बागाईतदार फेरस सल्फेट फवारी आणि हप्त्याची काळजी करी. हरितद्रव्यात लोह नसते, मॅग्नेशियम असते. पण ते घडवायला लोह लागते. ते कमी पडले की हरितकणांच्या पडद्यांतली पिवळी कॅरोटिनॉइड्स उघडी पडतात. त्याच पडद्यांत लोह पोटात घेतलेले सायटोक्रोम एफही असते. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन ते पुढे पोचवते. पानातले हे एफ पुढे हिल यांच्याच प्रयोगशाळेत सापडले आणि १९६० साली हिल व बेंडॉल यांनी त्या साऱ्या साखळीचा आराखडा मांडला.

बाई तिथे राहत्या तर, असे मला वाटून जाते. पण १९३९ सालीच त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर, मग लग्नानंतर मुंबईची विज्ञानसंस्था. तिथे त्यांनी नीरा आणि डाळींचे पोषणमूल्य तपासले. गरिबांच्या पोरांना नीरेचा उपयोग होतो, हे दाखवून दिले. केंब्रिजच्या मानाने हे काम लहान, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्याच संस्थेच्या त्या संचालक झाल्या, त्याही उशिराने. १९९८ साली दिल्लीत त्यांचा गौरव होत असताना त्या सभागृहातच कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.