रस्त्यावरचे दिवे फुसफुसायचे, त्याचं कारण हर्था आयर्टन यांनी शोधून काढलं

1890च्या दशकात लंडनच्या रस्त्यांवर आर्क दिवे होते. कार्बनच्या दोन कांड्या, मधे छोटी फट आणि त्या फटीत पेटलेली वीज. उजेड लख्ख पडायचा, पण दिवा मधेच लुकलुकायचा आणि फुसफुसायचा. का, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं हर्था आयर्टन यांनी. जन्म 1854चा, मूळ नाव सारा मार्क्स. वडील पोलंडहून आलेले ज्यू घड्याळजी. सारा सात वर्षांची असताना ते वारले, घरात खाणारी तोंडं बरीच. तरी ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली. केंब्रिज तेव्हा बायकांना पदवीच देत नव्हतं, म्हणून 1881मध्ये लंडन विद्यापीठाची घेतली.

1885मध्ये प्राध्यापक विल्यम आयर्टन यांच्याशी लग्न झालं. आर्कचे प्रयोग मूळचे त्यांचे. 1893मध्ये ते शिकागोला गेले आणि प्रयोग हर्थांच्या हातात आले ते कायमचेच.

त्यांना काय दिसलं? वीज वाढवली की धन कांडीच्या टोकावरचा तापलेला खळगा पसरत कडेबाहेर जातो. तिथं हवा शिरते, ऑक्सिजन थेट कार्बनला भिडतो आणि फुसफुस सुरू होते. त्याच क्षणी व्होल्टेज साधारण 10 व्होल्टनं कोसळतं. हवा बंद केली की दिवा गप्प!

म्हणजे गोंधळ फक्त कानाला ऐकू येणारा नव्हता, तो तारेतल्या विजेतही होता. 1900मध्ये विल्यम डडेल यांनी आर्कला कपॅसिटर आणि कॉइल जोडून चक्क सूर काढले, तर त्याच लाइनवरचे दुसरीकडचे आर्क दिवेही गायला लागले. गंमत वाटते, पण हाच तो इंटरफेरन्स. आज हलक्या एलईडी पथदिव्याजवळ रेडिओ खरखरतो, तोही ड्रायव्हरमधल्या अशाच झपाट्यानं बदलणाऱ्या विजेमुळं. म्हणून चांगल्या ड्रायव्हरमध्ये फिल्टर बसवलेला असतो.

1899मध्ये इंग्लंडच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेनं हर्थांना सदस्य केलं, पहिली महिला म्हणून. 1902मध्ये रॉयल सोसायटीसाठी नाव सुचवलं गेलं, ते मात्र फेटाळलं. कारण काय, तर विवाहित स्त्रीला कायद्यानं फेलो होता येत नाही! त्याच सोसायटीनं 1906मध्ये त्यांना ह्यूज पदक दिलं. फेलोशिप नाहीच. 1923मध्ये हर्था गेल्या. सोसायटीनं पहिल्या महिला फेलो निवडल्या त्या 1945मध्ये.