मुखवटा नाकारलेला नट

नटाचे काम म्हणजे सोंग वठवणे. राजा नसताना राजा व्हायचे, दुःख नसताना रडायचे आणि प्रयोग संपला की तोंडाचा रंग पुसून घरी जायचे. स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने ज्यांनी कधी तोंडाला रंग लावला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पण रंग पुसून घरी गेल्यावरही सोंग चालूच ठेव, जन्मभर चालू ठेव, असा हुकूम नटाला झाला तर?

विल्यम हेन्स या अमेरिकन नटाला असा हुकूम १९३३ साली झाला. त्याने तो मानला नाही. त्याची ही कहाणी.

मुंबईत धोबीतलावचा ‘मेट्रो’ सिनेमा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य चित्रपटसंस्थेने आपले चित्रपट दाखवण्यासाठी तो बांधला आणि १९३८ साली त्याचे दरवाजे उघडले. गर्जना करणारा सिंह हे या संस्थेचे बोधचिन्ह. त्या सिंहाच्या गुहेत एकेकाळी हेन्स हा पहिल्या पंक्तीचा नट होता. मुंबईत ‘मेट्रो’ उघडले, तेव्हा मात्र त्याला त्या गुहेतून बाहेर पडून पाच वर्षे झाली होती.

हेन्सचा जन्म २ जानेवारी १९०० रोजी व्हर्जिनिया राज्यातील स्टाँटन या गावी झाला. वडील सिगार बनवण्याचा धंदा करीत. घरचे वातावरण सरळमार्गी, देवभीरू. बिली मात्र लहानपणापासून स्वच्छंदी. वयाच्या चौदाव्या वर्षी तो एका मित्राबरोबर घरातून पळाला आणि होपवेल या गावी गेला. तेथे दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे रातोरात वस्ती वाढली होती. बिलीने कारखान्यात काम केले आणि पुढे त्या मित्राच्या सोबतीने चक्क एक नाचघर काढले! १९१५ साली आगीत ते गाव जळाले आणि हे दिवसही संपले. न्यूयॉर्कमध्ये थोडे दिवस काढतो तोच घरून वाईट बातमी आली. वडिलांचा धंदा बुडाला होता, मन खचले होते. पळून गेलेला मुलगा परत आला आणि त्याने कुटुंबाचा भार उचलला. घर सावरल्यावरच, १९१९ साली, त्याने पुन्हा न्यूयॉर्कची वाट धरली. जबाबदारी टाकून पळणाऱ्यांपैकी तो नव्हता, एवढे येथे लक्षात ठेवू या.

उंचापुरा, देखणा, हजरजबाबी असा हा तरुण १९२२ साली गोल्डविन कंपनीने घेतलेल्या ‘नवे चेहरे’ स्पर्धेत निवडला गेला. त्याच स्पर्धेतील विजेती एलिनॉर बोर्डमन आणि तो असे दोघे हॉलिवूडला गेले. आरंभीची वर्षे किरकोळ भूमिकांत गेली. १९२४ साली तीन कंपन्या एकत्र येऊन मेट्रो-गोल्डविन-मेयर ही संस्था झाली. तिचा कारभार लुई मेयर या करारी माणसाच्या हाती आला आणि हेन्स त्या संस्थेचा नट झाला. १९२५ च्या ‘सॅली, आयरीन अँड मेरी’ या चित्रपटात त्याच्याबरोबर जोन क्रॉफर्ड ही नवखी नटी होती. तो तिला थट्टेने ‘क्रॅनबेरी’ म्हणे. या थट्टेतून जुळलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१९२६ साली ‘ब्राउन ऑफ हार्वर्ड’ आला आणि हेन्सचे नशीब उघडले. त्यातला नायक आहे एक कॉलेजकुमार! उर्मट, बोलघेवडा, स्वतःवरच खूष असलेला. पुढे त्याला ठेच लागते, तो शहाणा होतो आणि शेवटच्या रिळात सामना जिंकून देतो. प्रेक्षकांना हा नमुना इतका आवडला, की पुढची काही वर्षे हेन्स कपडे बदलून हीच भूमिका करीत राहिला. ‘स्लाइड, केली, स्लाइड’मध्ये तो बेसबॉलचा खेळाडू झाला, तर ‘वेस्ट पॉइंट’मध्ये लष्करी छात्र. १९२८ साली किंग व्हिडॉर या थोर दिग्दर्शकाच्या ‘शो पीपल’मध्ये मॅरियन डेव्हिससमोर त्याने केलेली विनोदी भूमिका त्याच्या उत्तम कामांपैकी एक ठरली. मूकपटाचा जमाना सरला तेव्हा भले भले नट कोसळले. हेन्स टिकला. चित्रपटगृहांच्या चालकांनी दिलेल्या कौलात १९३० साली तो गल्ला भरणारा पहिल्या क्रमांकाचा नट ठरला.

यशाचा हा आलेख चढत असतानाच त्याच्या आयुष्यात एक माणूस आला. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये त्याची जिमी शील्ड्सशी गाठ पडली. जिमी पूर्वी नौदलात होता. तो हेन्सबरोबर हॉलिवूडला आला आणि दोघे एका घरात राहू लागले. हेन्स समलिंगी होता. ही गोष्ट चित्रपटव्यवसायात सर्वांना माहीत होती. त्याने ती जाहीर केली नाही, कारण तशी निवेदने काढण्याची त्या काळात रीतच नव्हती. पण त्याने ती लपवलीही नाही. मित्रांकडे भोजनाचे निमंत्रण असले, की दोघे मिळून जात. त्यांच्या घरी मेजवानी असली, की यजमान दोघे असत. बाहेरच्या जगासाठी स्टुडिओचे प्रसिद्धी खाते मात्र त्याच्या प्रेमाच्या कहाण्या रचीत असे. त्याच्याहून सतरा वर्षांनी मोठ्या असलेल्या पॉली मोरान या विनोदी नटीशी त्याचे जमल्याच्या बातम्याही त्यांनी पिकवल्या.

प्रश्न असा पडतो, की सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट १९३३ साली एकाएकी नडली कशी? याचे उत्तर नीतीपेक्षा धंद्यात अधिक आहे. स्टुडिओच्या दृष्टीने नट हा बाजारात विकायचा माल होता. अंधारात बसलेल्या हजारो तरुणींनी त्याच्याकडे पाहून स्वप्ने रंगवावीत, हे त्या मालाचे मोल. आणि हा माल खपवायचा कुठे? न्यूयॉर्कसारख्या शहरात तर खराच, पण लहान लहान गावांतल्या थिएटरांतही, जिथे चर्चच्या शब्दाला वजन होते. १९२१ साली रॉस्को आरबकल या विनोदी नटावर खटला झाला, तेव्हापासून नटांच्या करारपत्रांत नैतिक वर्तनाचे कलम येऊ लागले होते. १९३० साली चित्रपटांसाठी आचारसंहिता तयार झाली. १९३४ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली आणि समलिंगी प्रेमाचा उल्लेखही पडद्यावर निषिद्ध ठरला. त्यात मंदी आलेली. रिकाम्या खुर्च्यांनी धास्तावलेल्या चालकांना कोणताही गवगवा नको होता.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९३३ पर्यंत हेन्सची घोडदौड मंदावली होती. तिशी उलटलेल्या माणसाने किती दिवस कॉलेजकुमार व्हायचे? १९३० साली जो नट गल्ला भरत होता, त्याच्याकडे काणाडोळा केला गेला. गल्ला ओसरू लागताच त्याचे खाजगी जीवन हा गुन्हा झाला. समाजाची नीती अनेकदा अशी हिशेबाच्या वहीत राहते!

मेयरने त्याला बोलावून दोन वाटा दाखवल्या. एखाद्या मुलीशी लग्न कर आणि जिमीला दूर कर, नाहीतर संस्था सोड. अशी नावापुरती लग्ने हॉलिवूडमध्ये नवी नव्हती. कोणी हेन्सला बदलायला सांगत नव्हते, फक्त खोटे बोलायला सांगत होते. ते खोटे निभावायला एका स्त्रीचे आयुष्य वापरावे लागले असते आणि जिमीला चोरासारखे मागच्या दाराने यावे लागले असते. हेन्सने जिमीची निवड केली. करार संपला. पुढच्या वर्षी एका लहान कंपनीसाठी त्याने दोन चित्रपट केले. त्यांतला ‘द मरीन्स आर कमिंग’ हा शेवटचा. सुमारे पन्नास चित्रपटांचा हा नायक वयाच्या चौतिसाव्या वर्षी पडद्यावरून कायमचा गेला.

येथे एखाद्या शोकांतिकेचा पडदा पडला असता. पण हेन्सच्या हाती दुसरी कला होती. जुन्या सुंदर वस्तूंची त्याला विलक्षण पारख. नट असतानाच त्याने एका भागीदाराबरोबर पुराणवस्तूंचे दुकान काढले होते. त्याचे स्वतःचे घर पाहून लोक थक्क होत. आता त्याने गृहसजावट हाच व्यवसाय केला. ‘क्रॅनबेरी’ मैत्रीला जागली. जोन क्रॉफर्डने आपले घर त्याच्या स्वाधीन केले. मग कॅरोल लोम्बार्ड आली, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर आला, वॉर्नर स्टुडिओचा जॅक वॉर्नर आला. ज्या उद्योगाने त्याला पडद्यावर नको म्हटले, त्याच उद्योगाच्या धन्यांच्या दिवाणखान्यांत कोणती खुर्ची कुठे ठेवायची, हे तो ठरवू लागला! हाताने रंगवलेले चिनी भिंतकागद, इंग्लिश धाटणीचे जुने फर्निचर, आणि पुढच्या काळात बुटकी, आटोपशीर, गप्पांना सोयीची आसने ही त्याच्या कामाची खूण ठरली.

तरीही सुखाला दृष्ट लागायची ती लागलीच. १९३६ च्या उन्हाळ्यात हेन्स, जिमी आणि त्यांचे मित्र समुद्रकाठी एल पोर्टो येथे राहत असताना एका जमावाने त्यांना मारहाण करून तेथून हाकलून दिले. जिमीवर एका लहान मुलाच्या संदर्भात आरोप झाला होता. पुराव्याअभावी तो टिकला नाही. मारहाण करणाऱ्यांना मात्र कोणी जाब विचारला नाही. हेन्सनेही फिर्याद केली नाही. ज्यांचे प्रेमच कायद्याने गुन्हा होते, त्यांनी न्याय कोणाच्या दारी मागायचा? कॅलिफोर्नियात १९७६ उजाडेपर्यंत हा कायदा तसाच होता. मनाजोगे जगण्याची किंमत एकदाच चुकती होत नाही, ती पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

हेन्सने ती मोजली आणि काम करीत राहिला. साठीनंतर त्याच्या हातून सर्वांत मोठी कामे झाली. वृत्तपत्रांचे मालक वॉल्टर अॅनेनबर्ग यांच्या रँचो मिराज येथील ‘सनीलँड्स’ या प्रचंड वास्तूची अंतर्गत सजावट त्याने आपला सहकारी टेड ग्रेबर याच्यासह केली. २०१३ साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आणि चीनचे अध्यक्ष शी यांची भेट याच वास्तूत झाली. १९६९ साली अॅनेनबर्ग लंडनला राजदूत म्हणून गेले, तेव्हा तेथील राजदूतांच्या निवासस्थानाचे नूतनीकरणही हेन्सकडेच आले. पुढे १९८१ साली रेगन दांपत्यासाठी व्हाइट हाउसमधील खाजगी दालने सजवली ती याच ग्रेबरने.

त्याच्या समकालीनांकडे पाहिले, म्हणजे त्याने काय वाचवले ते कळते. ‘बेन हर’चा नायक रॅमन नोव्हारो हा त्याच संस्थेतला नट, हेन्ससारखाच समलिंगी. त्याने आयुष्यभर लपवाछपवी केली, तरी संस्थेतले त्याचे स्थान १९३५ साली गेलेच. उतारवयात एकाकी झालेल्या नोव्हारोचा १९६८ साली त्याच्या घरी खून झाला. पुढच्या पिढीतला रॉक हडसन हा तर कोट्यवधींचा लाडका. बोभाटा होण्याची भीती असताना १९५५ साली त्याने लग्न केले. ते तीन वर्षांत मोडले. १९८५ साली एड्सने तो गेला, तेव्हा कुठे जगाला सत्य कळले. मुखवट्याने हडसनची कारकीर्द टिकवली, हे नाकारता येणार नाही. म्हणूनच त्याला भित्रा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. हेन्सजवळ दुसरे कसब होते, घर होते, पाठीशी उभे राहणारे मित्र होते. ज्याला अभिनयावाचून दुसरे काही येत नाही, त्याच्यापुढे मेयरने तीच अट ठेवली, तर ती निवड खरी निवड उरते का? हेन्सच्या धैर्याला वंदन करताना हा प्रश्न विसरता कामा नये.

१९७३ च्या १५ डिसेंबरला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा मानसिक विकार नसल्याचा निर्णय घेतला. त्यानंतर अकराच दिवसांनी, २६ डिसेंबरला, हेन्स फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. त्या दोघांचा सहवास सत्तेचाळीस वर्षांचा. हॉलिवूडमध्ये इतका टिकलेला संसार क्वचितच सापडेल. जोन क्रॉफर्ड तर या दोघांना हॉलिवूडमधले सर्वांत सुखी जोडपे मानी. जिमीला एकटेपणा सोसला नाही. तीनच महिन्यांत, मार्च १९७४ मध्ये, झोपेच्या गोळ्या घेऊन त्याने आपले जीवन संपवले. सान्ता मोनिकाच्या दफनभूमीत दोघे शेजारी शेजारी विसावले आहेत.

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा नसल्याचे सांगितले. कायद्याचा धाक गेला. पण मेयरने मांडलेला हिशेब कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने पुसला जात नाही, कारण तो मुळात मेयरचा नव्हताच. तो तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाच्या नावावर मांडलेला होता. नट समलिंगी आहे असे कळले, तर लोक त्याला नायक मानणार नाहीत, हे मेयरने गृहीत धरले. लोकांना कोणी विचारलेच नव्हते.

‘शो पीपल’ हा हेन्सचा चित्रपट २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत समाविष्ट झाला. तो पाहताना आपल्याला एक हसतमुख, थट्टेखोर तरुण दिसतो आणि आपण त्याच्याबरोबर हसतो. तो घरी कोणाबरोबर राहत होता, याने त्या हसण्यात काडीचाही फरक पडत नाही. मित्रहो, आपणच तो प्रेक्षक आहोत, आणि आपल्या नावावर कोणता हिशेब मांडू द्यायचा, हे आपणच ठरवायचे आहे.