कै. खाशाबा जाधव : लाल मातीचा मानकरी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत थोर मराठी पुरुषांचे स्मरण करताना संत, पंडित व समाजसुधारक यांच्या पंक्तीत एका मल्लाचेही पान मांडावे, असे आम्हांस वाटले. बंगळुरात जन्मलेल्या आपल्या मुलांना अलीकडच्या ऑलिंपिकवीरांची नावे मुखोद्गत असतात. परंतु स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा दादासाहेब जाधवांचे नाव त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्याने कुस्तीचे बाळकडू घरातच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना साहाय्य करण्याचे कार्यही त्यांनी केले. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. देहयष्टी लहानखुरी, परंतु चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयाने ते लंडन ऑलिंपिकला गेले. आयुष्य लाल मातीत गेलेले. गादीवरील कुस्ती व तिचे आंतरराष्ट्रीय नियम सर्वस्वी नवे. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. मायदेशी परतल्यावर वरच्या वजनगटात उतरून त्यांनी चार वर्षे कसून मेहनत केली.

हेलसिंकीची वाट मात्र सोपी नव्हती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत केवळ एका गुणाने त्यांची निवड हुकली. गुणदानात अन्याय झाल्याची त्यांची भावना होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि तीत त्यांनी आपली योग्यता निर्विवाद सिद्ध केली. आता प्रश्न उरला पैशांचा. सरकारदरबारी अपेक्षित साहाय्य वेळेवर लाभले नाही. तेव्हा गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी घरोघर वर्गणी जमविली आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणाऱ्या या गुरुजनापुढे आमचे मस्तक आजही नम्र होते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना त्यांनी पराभूत केले. पुढे जपानच्या इशीशी दीर्घ झुंज झाली आणि तीत ते हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. विश्रांतीचा हक्क मागण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे उपस्थित नव्हता. तरीही २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. कऱ्हाडला परतताच शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे कोल्हापुरात कुस्त्या लढवून मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे गहाण घर सोडविले. पदकाइतकेच हे ऋणमोचनही आम्हांस मोलाचे वाटते.

गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. त्यापूर्वीच, १९५५ मध्ये, ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले होते. बढतीसाठी मात्र त्यांना दीर्घकाळ तिष्ठावे लागले. साहाय्यक आयुक्तपद लाभले ते निवृत्ती तोंडावर आल्यावर. १९८३ मध्ये निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात या मल्लाचा अंत झाला. सरकारी चाकरीत उभी हयात घालविलेल्या आम्हांस हा भाग लिहिताना संकोच वाटतो. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्यास लागणारा विलंब कोणाच्या आयुष्यातील किती वर्षे खातो, याचा विचार आम्ही सेवकांनी क्वचितच केला आहे.

खाशाबांनंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास देशाला १९९६ पर्यंत, लिएंडर पेसच्या यशापर्यंत, वाट पाहावी लागली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. २०२४ मध्ये पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसळे याने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले, तेव्हा महाराष्ट्राची ७२ वर्षांची प्रतीक्षा संपली आणि सर्वांना पुन्हा खाशाबांची आठवण झाली.

अशी आठवण होण्यास दुसऱ्या पदकाची वाट पाहावी लागू नये. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना घरोघरी ही कथा सांगितली जावी, आणि गुणी मुलासाठी पदरमोड करणारा एखादा खर्डेकर आपल्या मंडळातही निर्माण व्हावा, हीच या पुण्यवान मल्लास आमची आदरांजली.